कोयनेकाठी सुरेशबाबू

पाटणला पाऊस एकदा धरला की चार-चार दिवस उघडत नाही. अशाच एका संध्याकाळी सुरेशबाबू माने यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावून बसलो होतो. आधी नुसती खरखर, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग त्या खरखरीतून षड्ज वर आला आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

किराणा घराण्याचे गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांचे हे थोरले चिरंजीव. जन्मनाव अब्दुल रहमान. आईबापांची ताटातूट झाली आणि मुलांनी आईचं आडनाव लावलं. वडिलांची कबर मिरजेत; तिथे आजही गवई हजेरी लावतात. धाकटी बहीण हिराबाई बडोदेकर गाण्यानं घरोघर पोचली. ज्यानं तिला सुरुवातीची तालीम दिली त्या भावाचं नाव मात्र जाणकारांपुरतंच उरलं. 1934 च्या ‘अमृतमंथन’मध्ये ते पडद्यावरही दिसले. 1953 मध्ये गेले. मागे ध्वनिमुद्रणं राहिली ती अगदी मोजकी.

किराणा घराण्याचा गवई स्वरात मुक्कामाला येतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, तेव्हा तार आणि घोडीच्या मधला दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहतात. एका क्षणी तार अशी बोलू लागते की कारागिराचा हात तिथंच थांबतो. सुरेशबाबूंचं स्वर लावणं मला तसं वाटतं. अशा माणसाला जुन्या तबकडीनं दिली ती जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. रागाची बढत सुरू होते न होते तोच गाणं आवरतं घ्यायचं. हा अन्याय मला आजही बोचतो.

प्रभा अत्रे, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे ही सगळी त्यांच्याकडे शिकलेली मंडळी. म्हणून गुरू शिष्यांच्या गळ्यात जगतो असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पुरत नाही. तालीम पुढे जाते, रागाची वाट पुढे जाते. पण एका माणसाचा आवाज, स्वर सोडताना त्याला येणारा किंचित ओलावा, दुसऱ्या कोणाला देता येत नाही. तो त्या खरखरत्या तीन मिनिटांतच आहे.

आमच्या कोयना नदीचंही तसंच. ती कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भिडते. तिथून पुढे नाव कृष्णेचं. तेच पाणी सांगलीवरून मिरजेच्या अंगानं जातं, आणि त्यात कोयना किती हे कुणी सांगू शकत नाही. तिला एकटीला पाहायचं तर इथंच, पाटणला, यावं लागतं.

ध्वनिमुद्रण संपलं. पाऊस चालूच होता. मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं, या वेळी षड्जाच्याही आधीच्या खरखरीकडे कान देऊन.