पडद्यावरचे वेड आणि घरातले माणूस

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आपल्या भागात मराठीत जितकी चालते तितकीच कन्नडातही चालते. या दोन भाषांत इतर बाबतींत वाद असतील, पण वेड्याची थट्टा करण्यात मात्र दोघींचे एकमत दिसते. मराठीत ‘वेडा’, कन्नडात ‘हुच्च’. रागाने, लाडाने, सहज म्हणून हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. कोणी फारच विचित्र वागले तर “याला धारवाडला पाठवायला पाहिजे” असे म्हणून मोकळे होतो. पुण्याकडे येरवड्याचे नाव घेतात, मुंबईकडे ठाण्याचे. धारवाडच्या त्या जुन्या मनोरुग्णालयाची आता मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान शिकवणारी मोठी संस्था झाली आहे. आपल्या बोलण्यातले धारवाड मात्र होते तिथेच राहिले आहे.

आपल्यापैकी फार थोड्यांनी असे रुग्णालय आतून पाहिलेले असते. तरीही तिथे काय चालते, वेडा माणूस कसा हसतो, कसा बघतो, हे आपल्याला ठाऊक असल्यासारखे वाटते. हे ज्ञान आपल्याला चित्रपटाने दिले आणि आता घरोघरी रोज संध्याकाळी मालिका देत आहेत. म्हणून एक नैतिक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाची गोष्ट सांगताना, सांगणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही? एखाद्या चित्रपटात वकिलांची, पोलिसांची किंवा आम्हा शिक्षकांची टिंगल झाली तर आम्ही निषेधाचे पत्रक काढू शकतो. मनोरुग्णाच्या वतीने कोण बोलणार? तो स्वतः बोलला तर त्याचे बोलणे कोणी खरे धरत नाही. घरचे बोलत नाहीत, कारण तक्रार करायची म्हणजे आपल्या घरात असा माणूस आहे हे गावाला सांगायचे. ज्याच्याकडून कसलाही प्रतिवाद होण्याची भीती नाही, त्याच्याविषयी वाटेल ते दाखवता येते.

काय दाखवले गेले, याची थोडी उजळणी करू. ‘खिलौना’ (१९७०) या गाजलेल्या चित्रपटात वेड लागलेल्या मुलाला बरे करण्यासाठी एका कोठ्यावरच्या स्त्रीला त्याची बायको म्हणून घरात आणले जाते. म्हणजे वर सांगितलेली म्हणच तिथे औषध म्हणून वापरली आहे. संजीवकुमारचा अभिनय विसरता येत नाही, हे मान्य. पण किती घरांनी “लग्न करून द्या, सुधारेल” म्हणून एखाद्या आजारी मुलाच्या गळ्यात एखादी अजाण मुलगी बांधली, आणि ती मुलगी पुढे जन्मभर काय भोगत राहिली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

‘डर’ (१९९३) मधला राहुल मेलेल्या आईशी फोनवर बोलतो आणि एका मुलीच्या मागे सुरा घेऊन लागतो. मन बिघडलेला माणूस म्हणजे हिंसक माणूस, हे समीकरण अशा चित्रपटांनी पक्के केले. वस्तुस्थिती अशी की बहुसंख्य मनोरुग्ण कोणालाही इजा करत नाहीत. उलट मार, फसवणूक आणि अत्याचार त्यांच्याच वाट्याला अधिक येतात. कन्नडमधला ‘आप्तमित्र’ (२००४) आपल्या भागातही आवडीने पाहिला गेला. मूळ मल्याळम् चित्रपट १९९३ चा, आणि त्याचाच हिंदी अवतार म्हणजे २००७ चा ‘भूलभुलैया’. त्यात मनोविकारतज्ज्ञालाच नायक केले, ही चांगली गोष्ट. पण एका देहात दोन व्यक्ती, आणि एका रात्रीच्या नाट्यानंतर पूर्ण बरे होणे, हे पाहून प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? स्किझोफ्रेनिया म्हणजे असेच काहीतरी, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. प्रत्यक्षात त्या आजारात कानांत आवाज येतात, संशय बळावतो, मन कशातच लागत नाही, आणि उपचार बहुधा वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागतात.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो ‘दामिनी’ने (१९९३). नायिका खरे बोलते म्हणून तिला वेडी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात डांबतात. तिचे हाल पाहून थिएटरात प्रेक्षक संतापले आणि रडले. तो संताप खराच होता. पण तो कशाबद्दल होता, हे जरा तपासून पाहा. ती वेडी नसताना तिला तिथे ठेवले, हा आपला आक्षेप. मग जी खरोखर आजारी आहे तिला तसे वागवलेले चालेल काय? तिच्या आजूबाजूला ज्या बाया दाखवल्या आहेत, त्यांची नावे काय, त्यांना भेटायला कोणी येते का, हे आपण विचारत नाही. त्या आपल्या दृष्टीने देखाव्याचा भाग असतात. आजच्या मालिकांत हेच चालू आहे. इस्टेटीसाठी सुनेला गोळ्या देऊन वेडी ठरवायचे, आणि शेवटच्या भागात खलनायिकेला वेड लावून तिच्या पापाचे फळ द्यायचे. एकीकडे वेड म्हणजे खोटा आळ, दुसरीकडे वेड म्हणजे शिक्षा. ज्याने काहीही पाप केलेले नाही आणि तरीही ज्याला हा आजार झाला आहे, त्याला या गोष्टीत जागाच उरत नाही.

कोणी म्हणेल, कला म्हणजे आरोग्यखात्याचे पत्रक नव्हे. अतिशयोक्ती हा नाट्याचा प्राण आहे. सगळेच मोजूनमापून दाखवायचे तर नाटक उभे कसे राहणार? हा आक्षेप रास्त आहे. चित्रपटाने औषधाचे नाव आणि मात्रा बरोबर सांगावी, अशी माझी अपेक्षा नाही. माझी कसोटी एवढीच की त्या गोष्टीतला आजारी माणूस माणूस म्हणून दिसतो का. त्याला भूक लागते का, लाज वाटते का, तो कोणावर रागावतो का, आणि मुख्य म्हणजे आजाराच्या दुसऱ्या दिवशी तो कुठे असतो?

या कसोटीला उतरलेली कामे आपल्या दोन्ही भाषांत आहेत. पुट्टण्णा कणगाल यांचा ‘शरपंजर’ (१९७१) हा कन्नड चित्रपट त्रिवेणी यांच्या कादंबरीवरून केलेला. बाळंतपणानंतर कावेरीचे मन बिघडते, ती रुग्णालयात जाते आणि बरी होऊन घरी येते. चित्रपटाचे खरे दुःख इथे सुरू होते. ती हसली तरी लोक दचकतात, रागावली तरी दचकतात. नवरा दुरावतो. शेवटी ती पुन्हा रुग्णालयात जाते. शरपंजरी पडलेले भीष्म आपल्याला माहीत आहेत; इथले बाण म्हणजे शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या नजरा. आजाराला डॉक्टरांकडे औषध होते, या नजरांना नव्हते.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ (२००४) केला. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ, त्याला आपल्या घरी आणणारी बहीण, तिचा संसार आणि तिची ओढाताण, हे सर्व त्यात आहे, चमत्कार नाही. त्यांच्याच ‘अस्तु’मध्ये (२०१३) स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे वृद्ध पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पंडितांना सांभाळते ती माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही आणि आजाराचे नावही ठाऊक नाही. समोरचा म्हातारा भुकेला आहे, एवढे तिला कळते, आणि ती त्याला भरवते. आपल्यासारख्या दुभाषी मुलखात राहणाऱ्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पडद्यावरच्या गोष्टींचा एवढा विचार कशाला करायचा, असे वाटत असेल तर एक साधी गोष्ट सांगतो. मुख्याध्यापकाच्या टेबलावर वर्षभर रजेचे अर्ज येतात. त्यांत टायफॉइड असतो, कावीळ असते, पाय मोडलेला असतो. मुलाला किंवा घरात कोणाला मानसिक आजार झाला आहे, असे लिहिलेला एकही अर्ज माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत आलेला नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे साधारण दहात एक. आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. ती माणसे आपल्याच गावांत, आपल्याच गल्लीत आहेत. अर्जावर मात्र ‘पोटदुखी’ असे लिहिलेले असते.

लपवण्याची किंमत किती होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तिथल्या एका आश्रमवजा निवासाला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तिथे पोहोचवणारे त्यांचे घरचेच लोक होते. ते दुष्ट असतील असे मी मानत नाही; काय करावे हे त्यांना सुचले नसावे, आणि विचारायची लाज वाटली असावी. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि मे २०१८ पासून तो लागू झाला. रुग्णाला साखळीने बांधायला त्याने बंदी केली. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करण्यासही मनाई केली. सिनेमात डोक्याला तारा लावून तडफडणारा जो माणूस दाखवतात, त्याचा आणि योग्य रीतीने दिलेल्या त्या उपचाराचा काही संबंध नाही. पण तेच दृश्य आठवून पुष्कळ घरे डॉक्टरांकडे जायचे टाळतात.

कायद्याने साखळी सुटेल. आपल्या मनातले चित्र कायद्याने बदलत नाही. ते पाहणाऱ्यानेच बदलायचे असते. मुलांबरोबर मालिका पाहताना असा प्रसंग आला तर “हे खरे असे नसते” एवढे एक वाक्य आपण बोलू शकतो.

आता दिवाळी आहे. फराळाला एकमेकांच्या घरी जाणे होईल. एखाद्या घरात आतल्या खोलीचे दार लोटलेले असेल आणि पूर्वी बाहेर येऊन बसणारा कोणीतरी यंदा दिसणार नाही. मधुमेहाच्या रोग्याची जशी चौकशी करतो, तशीच त्याचीही करावी, त्याच आवाजात. “कसा आहे आता? औषध चालू आहे ना?” आणि जमले तर लाडू-चिवड्याची एक बशी घेऊन आत जावे, दोन मिनिटे त्याच्याजवळ बसावे.