वाऱ्याचे सुख

पावसाळी पहाटे ताम्हिणी घाटातून मोटारसायकलवर जाणाऱ्याला धुक्याचा ओला स्पर्श आणि वळणागणिक झुकणारा देहाचा तोल यांतून जो आनंद लाभतो, तो मोटारीच्या बंद काचांआड बसणाऱ्याच्या नशिबी नसतो. वाऱ्याचे हे सुख खरे आहे. मात्र त्याच वळणावर सांडलेले तेल किंवा वाहून आलेली खडी कोणाचाही मुलाहिजा ठेवत नाही, हेही तितकेच खरे. वडीलधारी मंडळी गाडीच्या किल्ल्या लपवतात. मला तो उपाय पटत नाही. ज्याला वाऱ्याचे सुख मनापासून प्रिय आहे, तो हेल्मेटचा पट्टा कायद्याच्या धाकाने नव्हे, तर निष्ठेने आवळतो, आणि वळण येण्यापूर्वीच वेग उतरवतो. श्रोतेहो, आज घरातले कोणी गाडी काढत असेल, तर त्याला अडवू नका. चाकांतली हवा तेवढी त्याच्याबरोबर तपासून पाहा.