पोटावरचा हात

तुंगार्ली धरणाच्या वाटेवर सावली बघून बसा. राजमाचीला निघालेले पुढे जाऊ द्यात. उजवा तळहात पोटावर ठेवा. श्वासागणिक तो वर येतो, खाली जातो, तेवढंच बघा.

आता याच हाताखाली तीन वर्षांच्या लेकराचं पोट आहे असं समजा. जवळपास सगळं मावेल. आत, मूत्रपिंडात, कर्करोगाची एक गाठ. दचकू नका, हात तिथेच राहू द्या. विल्म्स ट्यूमर म्हणतात तिला. १८९९ साली तिच्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माक्स विल्म्स या जर्मन डॉक्टरचं नाव तिला मिळालं. वेळेत उपचार झाले तर बहुतेक मुलं बरी होतात.

ही गाठ काढायची ती पिकलं करवंद न फुटता तोडावं तशी. फुटली तर पेशी पोटभर सांडतात, मग औषधं वाढतात, कधी रेडिएशनही. आणि दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ८०० मिलिलिटर. या आकड्यापाशी जरा रेंगाळा.

नातेवाईक म्हणतात, "रोबोटवाल्या हॉस्पिटलात न्या." रोबोट आपणहून काहीच करत नाही. सर्जन काही पावलांवर कन्सोलला डोळे लावून बसलेला असतो. त्याची बोटं हलतील तशी आत ८ मिलिमीटर जाडीची अवजारं वळतात. हाताचा कंप मध्येच गाळला जातो. अडचणीच्या जागी हे वरदानच. पण एवढ्याशा पोटावर रोबोटचे बाहू एकमेकांना अडतात, आणि मोठी गाठ अखंड काढायची तर मोठा छेद घ्यावाच लागतो. यंत्र हाताशी असताना "या मुलाला नको" म्हणणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

बऱ्याचदा आधी काही आठवडे केमो देऊन गाठ लहान करतात. मावळातल्या आईबापांसाठी हे आठवडे म्हणजे लोणावळ्याहून गाडी, दादर, मग परळचं टाटा हॉस्पिटल. तिथे राहायचं कुठे, हा प्रश्न ऑपरेशनइतकाच मोठा. सेंट ज्यूडसारखी संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत आसरा देते.

श्वास सोडा. हात काढा.

लेकराला अंघोळ घालताना पोटात काही टणक लागलं, किंवा लघवी लालसर दिसली, तर पुन्हापुन्हा दाबून बघू नका, घरातल्या चौघांना दाबायला देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि सोनोग्राफीचं विचारा.