‘तीच चव’ आणि नैयायिकांचे औषध

वाफ ओढण्याच्या द्रावांमध्ये तंबाखू-कॅरमेल ही जुनी आणि लोकप्रिय चव आहे. चिनी कंपनी रुयानच्या नावाशी जोडलेला ‘आरवाय ४’ हा तिचा सर्वांत परिचित प्रकार. त्यात तंबाखू, कॅरमेल आणि व्हॅनिला यांचा भास असतो. आवडता द्राव बाजारातून गेला की ब्रिटन-अमेरिकेतले काही शौकीन तो घरी जुळवू पाहतात. (भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनापासून विक्रीपर्यंत सगळ्यालाच बंदी आहे.) बरेच अर्क कमी-जास्त करून झाल्यावर जुळवणारा म्हणतो, ‘हीच ती चव.’ हे विधान खरे कधी ठरते?

समोरची वस्तू पाहून ‘ही तीच’ असे जे ज्ञान होते, त्याला भारतीय दर्शने प्रत्यभिज्ञा म्हणतात. बौद्धांच्या मते ही फसगत आहे. प्रत्येक वस्तू क्षणिक असते. दिव्याची ज्योत जशी क्षणोक्षणी नवी असून एकच वाटते, तसे सादृश्यालाच आपण ऐक्य समजतो. मीमांसक उलट टोकाला आहेत. दहा वेळा ‘ग’ उच्चारला तरी गकार एकच, कारण तो ओळखू येतो. वर्ण नित्य असल्याचा हा त्यांचा पुरावा. नैयायिकांचे उत्तर सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ग्रंथात सापडते: अशी ओळख एकाच जातीच्या दोन वस्तूंबाबतही होते. एका रोग्याने घेतलेलेच औषध दुसऱ्यानेही घेतले, असे आपण सहज म्हणतो. गोळी मात्र वेगळी असते.

घरच्या द्रावाला हा दृष्टांत नेमका लागू पडतो. जुन्या बाटलीतला द्राव कधीच संपला. हवे आहे ते साजात्य, म्हणजे एकाच जातीचे असणे. पण जात कशावरून ठरवायची? औषधात घटक आणि गुण सहसा बरोबर चालतात. इथे ते सुटे होतात.

वैशेषिक मतानुसार गंध हा फक्त पृथ्वीचा गुण, आणि अग्निसंयोगाने तो बदलतो. अशा गुणांना पाकज म्हणतात. खरे कॅरमेल हे पाकजाचे उत्तम उदाहरण: साखर तापून विघटित होते तेव्हाच तो गंध येतो. द्रावात मात्र बहुधा साखरही नसते आणि पाकही. एथिल माल्टॉल जळत्या साखरेची गोडी आणते, अॅसिटिल पायराझिन भाजल्याचा, तंबाखूकडे झुकणारा वास देते, व्हॅनिलिन उरलेले भरते. तंबाखूचे पानही बहुतेक वेळा नसतेच. म्हणजे घरी ज्याची नक्कल होते ते मूळही नक्कलच आहे, आणि ‘अस्सल’ हा शब्द इथे निरुपयोगी ठरतो.

शिवाय ते मूळ स्थिर नसते. बाटलीत ठेवलेले व्हॅनिलिन द्रावातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून नवी संयुगे बनवते. द्राव मुरतो तो काही अंशी असा. बौद्धांचा मुद्दा या बाटलीपुरता तरी मान्य करावा लागतो. ओळखणाराही स्थिर नाही. प्रत्यभिज्ञेला स्मृतीचा संस्कार लागतो, आणि एकच वास सतत घेतल्यावर नाक बोथट होते, म्हणून तुलनेचा मापदंडच वाकतो.

तरीही नैयायिकांची बाजू अधिक बळकट वाटते. चवीचे प्रयोजन अनुभव हेच आहे. तो सजातीय असेल तर ‘तीच चव’ म्हणणे भ्रम नव्हे. फक्त हे साजात्य नाकापुरते आहे. लोण्याचा वास देणारे डायअॅसिटिल खाण्यात चालते. श्वासातून गेल्यावर त्याचा फुप्फुसांच्या गंभीर विकाराशी संबंध अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांमध्ये दिसून आला. ते घातलेला आणि न घातलेला असे दोन द्राव नाकाला एकाच जातीचे वाटू शकतात. औषध म्हणून पाहिल्यास त्यांची जात एक नव्हे.