बिजली नावाची तीनचाकी

आज मनात एक टाकून दिलेली गाडी घेऊन बसू. जागा कुठलीही चालेल. पनवेलमध्ये असाल तर वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर बसा, नाहीतर सरळ एसटी स्टँडच्या बाकावर. गोंगाट असला तरी हरकत नाही. आजच्या विषयाला गोंगाट उपयोगीच पडेल. डोळे मिटायची गरज नाही. पाठ सैल सोडा, पाय जमिनीला टेकू द्या आणि थोडा वेळ नुसतं ऐका.

डिझेलची घरघर आधी ऐकू येईल. एसटीचा गिअर पडतो, हॉर्न वाजतो, कंडक्टर दारावर थाप मारतो. मग मधूनच एखादी गाडी अशी सरकते की रस्त्यावर टायर घासल्याचा आवाज तेवढा कानावर येतो. हिरवी नंबरप्लेट. पंचवीस वर्षांपूर्वी अशी गाडी गेली असती तर अख्ख्या स्टँडने माना वळवल्या असत्या. आज कुणी वर पाहत नाही. त्या न वळलेल्या मानांकडे जरा लक्ष द्या. एखादी गोष्ट रुळली की तिच्याआधी काय काय मोडीत निघालं, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आता मागे जाऊ, १९९९ सालात. महिंद्र कंपनीने त्या वर्षी विजेवर चालणारी एक तीनचाकी काढली. नाव ‘बिजली’. टाटांची इंडिका नुकतीच रस्त्यावर आली होती, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अजून पुरा व्हायचा होता आणि विजेची गाडी म्हटलं की लोकांना खेळणं आठवायचं. अशा वेळी कंपनीतले एक मुरलेले अधिकारी, नगरकर, यांनी हे वाहन उभं केलं. ते निवृत्तीला आले होते. पुढे आनंद महिंद्र यांनी जाहीरपणे ही हकीकत सांगितली: नगरकरांना पृथ्वीसाठी काहीतरी करून जायचं होतं, आणि ‘बिजली’ ही त्यांची जाता जाता दिलेली भेट होती.

इथे थोडं थांबा. निवृत्तीच्या दिवशी माणसाला शाल, श्रीफळ आणि एखादं घड्याळ मिळतं. फोटो निघतो, दोन भाषणं होतात. इथे जाणाऱ्यानेच मागे काहीतरी ठेवलं, आणि तेही असं की ज्याची काळजी आता दुसऱ्यांनी घ्यायची. आपल्या ओळखीतली अशी माणसं आठवून पाहा. कुणी शेताच्या बांधावर आंबा लावून गेलं असेल, कुणी सोसायटीची विहीर उपसून घेतली असेल. त्यानंतर त्या आंब्याला पाणी कुणी घातलं?

‘बिजली’ काही वर्षं बनली आणि मग बंद झाली. कारण म्हणून जे सांगितलं जातं ते आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे: ती काळाच्या पुढे होती.

या वाक्यापाशी आज जरा मुक्काम करू. ऐकायला किती बरं वाटतं पाहा. यात करणाऱ्याचा मान राहतो, बंद करणाऱ्यालाही बोल लागत नाही. सगळा भार काळावर. काळ मात्र कुठल्याही बैठकीला हजर नसतो, कशावर सही करत नाही. म्हणून घाईने मान डोलवू नका. त्या गाडीचं झाकण उघडून आत पाहू.

त्या वेळी आपल्याकडे परवडणारी बॅटरी म्हणजे शिशाची. घरोघरी इन्व्हर्टरखाली असते तीच जात. ती तुम्ही जवळून पाहिली असेल. झाकणातून वर डोकावणारी छोटी दांडी हिरव्यावरून लालवर उतरली की डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काढायचा, एकेका भोकात बेताने पाणी घालायचं, जास्त झालं तर पुसायचं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचते. ती गरम पाण्याने धुवायची, वर ग्रीस लावायचं. हाताला आम्लाचा वास राहतो, आणि कपड्यावर थेंब उडाला तर दोन धुण्यांनंतर तिथे भोक. आता ती बॅटरी मनातल्या मनात उचलून पाहा. पाठीत कळ येते. इतक्या वजनाच्या मानाने आतली शिदोरी फार थोडी: एक किलो बॅटरीत साधारण ३५ वॉट-तास, म्हणजे नऊ वॉटचा एक एलईडी दिवा चारेक तास जळेल एवढी. एक किलो पेट्रोलमध्ये याच्या तीनशेपटींहून जास्त ऊर्जा असते. इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश उष्णतेत उधळतं, तरी पेट्रोलच पुढे. हे ओझं खरं होतं. त्याला सबब म्हणता येणार नाही.

आणि वीज? २००५ नंतरची वर्षं आठवा. मुंबई शहर सोडलं तर राज्यभर भारनियमन. वेळापत्रक पाहून पाण्याची मोटर लावायची, पिठाची गिरणी गाठायची, मुलांचा अभ्यास उरकायचा. जिथे पंख्याचा भरवसा नाही तिथे गाडी रात्रभर चार्जिंगला लावा, असं कुणाला सांगणार? पनवेलहून थोडं पुढे खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. बोरघाटावरून खाली येणाऱ्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज इथूनच जायची. ती कुणाच्या दाराशी थांबायची, हा प्रश्न जुना आहे.

तर मग खरंच काळ आला नव्हता म्हणायचं? हा विचारही मनात येऊ द्या, त्याला हाकलू नका. आता त्याच्या शेजारी काठमांडू ठेवून पाहा.

त्याच सुमाराला काठमांडूच्या रस्त्यांवर सफा टेम्पो धावू लागले होते. तीन चाकं, शिशाच्या बॅटऱ्या, समोरासमोरची बाकं. बॅटरी उतरली की चार्जिंग केंद्रात जाऊन भरलेला संच बसवून घ्यायचा आणि पुन्हा मार्गावर यायचं. १९९९ मध्ये तिथल्या सरकारने धूर ओकणारे डिझेलचे विक्रम टेम्पो खोऱ्यातून काढून टाकले आणि सफा टेम्पोंना रस्ता मोकळा झाला. चालकांत बायका मोठ्या संख्येने आल्या. भारनियमन त्यांनाही होतंच; आपल्यापेक्षा वाईट. तरी ते टेम्पो दशकं चालले. साल तेच, शिसंही तेच. फरक एका हुकमाचा आणि काही चार्जिंग केंद्रांचा.

मला इथे दरवेळी अडखळायला होतं. काळ जर हवामानासारखा असता, तर काठमांडूत आणि मुंबईत एकाच वर्षी तो इतका वेगळा कसा असता?

आणखी मागे जाता येईल. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या चार हजारांवर मोटारींपैकी १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या ९३६, उरलेल्या वाफेच्या. पेट्रोलची गाडी तेव्हा हँडल मारून सुरू करावी लागे, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला आणि ती भीती संपली. सेल्फ-स्टार्टर म्हणजे तरी काय, एक बॅटरी आणि एक छोटी विजेची मोटर. स्वस्त पेट्रोल आणि फोर्डची स्वस्त गाडी यांनी विजेच्या गाडीला घेरलं हे खरं, पण शेवटचा घाव तिच्याच भावकीने घातला. त्यानंतर शंभर वर्षं बॅटरी प्रत्येक पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली नोकरीला राहिली. रोज सकाळी इंजिनाला उठवायचं आणि मग दिवसभर गप्प बसायचं.

आता जरा कठीण जागा येते. श्वास सावकाश चालू द्या.

१९९६ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनात ‘ईव्ही वन’ नावाची दोन आसनी विजेची मोटार दिली. विकली नाही, भाड्याने दिली. थेंबाच्या आकाराची, वारा कापत जाणारी. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये नियम केला होता की मोठ्या कंपन्यांनी ठरावीक वाटा धूर नसलेल्या गाड्यांचा विकलाच पाहिजे. पुढे कंपन्या कोर्टात गेल्या, नियम सैल झाला. एकूण १,११७ गाड्या बनल्या होत्या. सुटे भाग पुरवता येणार नाहीत, जबाबदारी घेता येणार नाही, असं सांगून कंपनीने त्या परत मागवल्या. वापरणारे म्हणत होते, आम्हाला विकत द्या, पुढचं आमचं आम्ही पाहू. दिल्या नाहीत. थोड्या संग्रहालयांना मिळाल्या, त्याही चालू शकणार नाहीत अशा करून. बाकी बहुतेक चेपून टाकल्या. २००३ च्या जुलैमध्ये हॉलिवूडच्या एका दफनभूमीत लोकांनी त्या गाडीची अंत्ययात्रा काढली.

चालू स्थितीतली, धुतलेली, टायरमध्ये हवा असलेली गाडी चेपताना डोळ्यांपुढे आणा. काच आधी फुटते, मग छप्पर खाली येतं. या चित्राचा मला राग येतो, आणि तो राग मनन संपेपर्यंत निवळावा असं मला वाटतही नाही. गाडी तोट्यात होती, मान्य. तोट्यातली वस्तू बंद करता येते. पण ती दुसऱ्याने सांभाळूही नये म्हणून मोडणं ही वेगळी करणी आहे. ‘बिजली’च्या वाट्याला निदान हे आलं नाही. तिला निरोप मिळाला.

तिच्या पाठोपाठ २००१ मध्ये बेंगळूरुची रेवा आली. चेतन मैनी यांची. विद्यार्थिदशेत ते मिशिगन विद्यापीठाच्या सौर मोटारीच्या चमूत होते. ‘ईव्ही वन’चा उगमही जनरल मोटर्सच्या सौर मोटारीतच होता. दोन्ही गाड्या उन्हातून उगवल्या म्हणायच्या. आठ बॅटऱ्या, घरच्या पंधरा अ‍ॅम्पिअरच्या प्लगवर चार्जिंग, दोन मोठी माणसं आणि मागे दोन मुलं कशीबशी. लंडनमध्ये तिला गर्दी-कर माफ होता, म्हणून तिथे ती दिसू लागली. इथे तिचं हसं झालं. दिसायला ती खेळण्यासारखी होती हे मलाही नाकारता येत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये विजेच्या गाड्यांना केंद्राचं अनुदान सुरू झालं, मार्च २०१२ ला संपलं, पुढची योजना एप्रिल २०१५ मध्ये. मधल्या तीन वर्षांना कुणी वाली नव्हता. २०१० मध्येच ती कंपनी महिंद्रकडे आली होती, म्हणजे ‘बिजली’च्याच घरी. तिथे तिची ‘ई-टू-ओ’ झाली. तीही बंद पडली. आज त्याच घरच्या विजेच्या गाड्या चाकणला बनतात आणि लोक नंबर लावून घेतात.

हे सगळं मनात असू द्या आणि पुन्हा पनवेलकडे या. जुन्या गॅझेटियरांत पनवेलची ख्याती आहे ती बैलगाडीच्या चाकांसाठी. मुख्य रस्त्यावरच्या घराघरांत चाकं बनत. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला. मुंबईहून पडाव पनवेलच्या बंदराला लागायचे आणि इथून पुढे घाट चढायचा तो बैलांनी. चाकाला लोखंडी धाव बसवायचं काम पाहिलेली माणसं आता थोडी. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी दोघातिघांनी उचलायची आणि लाकडी चाकावर एका दमात उतरवायची. लाकूड पेट घेऊ लागतं. लगेच पाणी. धाव आकसते आणि आरे, तुंबा, पुठ्ठे सगळं करकचून एकजीव होतं. क्षणभर उशीर झाला तर चाक जळतं. घाई झाली तर धाव सैल राहते आणि पहिल्याच चढाला निसटते.

ट्रक आले आणि ते चाकही गेलं. त्याची अंत्ययात्रा निघाली नाही. ज्या हातांना धाव कधी उतरवायची ते कळत होतं, ते हात मग काय करू लागले? या प्रश्नापाशी जितका वेळ बसवेल तितका बसा. उत्तर सुचलं नाही तरी चालेल.

आता मान वर करून पूर्वेकडे पाहा. हवा स्वच्छ असेल तर प्रबळगड दिसेल, आणि त्याच्यामागे माथेरानचा डोंगर. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणसं माणसांना हातरिक्षात बसवून लाल मातीच्या चढावर ओढत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रयोग झाला. तीन महिन्यांचा प्रयोग संपला आणि त्या रिक्षा काही काळ उभ्या राहिल्या. बॅटरी तयार, रस्ता तयार, ओढणारे तयार. तिथे काळाच्या पुढे काय होतं? ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा आणि निधी नाही ही सबब सांगू नका, असं बजावलं. पुढे काय झालं ते पाहायला पनवेलहून फार लांब जायला नको. नेरळ गाठायचं, वर दस्तुरीला उतरायचं आणि रिक्षा कोण चालवतोय, ती कुणाच्या नावावर आहे, एवढं विचारायचं.