चाळिशीच्या अलीकडे

जळगावहून धुळ्याला रेल्वेने जायचं म्हणजे चाळीसगावला गाडी बदलणं आलं. धुळ्याच्या आमच्या मामांनी या एका गोष्टीवर जन्मभर एकच विनोद केला : "चाळिशी कुणाला चुकली आहे का?" मला मात्र चष्मा चाळिशीच्या पुष्कळच अलीकडे, दहाव्या वर्षी लागला. तोही मामांच्याच गावी.

त्याआधी शाळेत डोळे तपासून झाले होते. रांगेत माझ्यापुढे अकरा मुलं. अकरांदा ऐकून तक्ता मला रामरक्षेसारखा पाठ झाला. मी तो घडाघड म्हणून दाखवला आणि 'उत्तम' असा शेरा मिळवला. हा तक्ता १८६२ साली हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी शोधून काढला. पाठांतरापुढे त्याचं काय होईल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. बिचारे खानदेशातल्या शाळेत शिकले नव्हते! फळ्यावरचं मला दिसत नसे. पण गुरुजींनी आणि घरच्यांनी मी ढ आहे असं ठरवलं होतं आणि माझीही त्याला हरकत नव्हती.

मग सुट्टीत पांझरेच्या पुलावर गंमत म्हणून मामांचा चष्मा लावला. पलीकडच्या काठावर रोज बसणारे बगळे म्हणजे वाळत घातलेली धोतरं निघाली. मामा रागावले की अहिराणीत शिरत. "तुले दिसस नही का रे?" ते ओरडले. आता आली का पंचाईत! आपल्याला दिसत नाही हे कळायला आधी एकदा तरी दिसावं लागतं.

मग मी शाळेत खोटं बोललो होतो का? मला नाही वाटत. मला ती पाठांतराचीच परीक्षा वाटली होती. शाळेत दुसरी कसली असते?

माझा गुन्हा त्यानंतरचा, बाप झाल्यावरचा. मुलगी मान वाकडी करून वाचायची आणि मी दोन वर्षं "नीट बस" एवढंच म्हणत होतो. डॉक्टरांनी तिचा एक डोळा झाकला तेव्हा कळलं, दुसऱ्यानं तिला जवळजवळ दिसतच नव्हतं. एक डोळा चांगला असला की मूल तक्रार करत नाही. मागे पडलेला डोळा सात-आठ वर्षांच्या आत लक्षात आला तर बरा. पुढे पुढे अवघड होत जातं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. उपचारांनी थोडा फरक पडला. सुईत दोरा मात्र ती अजून आईकडून ओवून घेते, आणि त्या वेळी मी पेपर वाचत असतो.

शाळेत घालण्यापूर्वी एकदा, मग वर्षा-दोन वर्षांनी, चष्मा असला तर दरवर्षी, मोठ्यांनी चाळिशीला एकदा नीट आणि साठीनंतर पुन्हा वर्षा-दोन वर्षांनी, मधुमेहवाल्यांनी दरवर्षी. एवढंच तर आहे. पण आपल्याकडे डॉक्टरकडे जायला आधी काहीतरी दुखावं लागतं. काचबिंदू बहुधा दुखत नाही. तो कडेकडेनं नजर खात येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. काही होत नसताना तपासायला निघालं की शेजारी विचारतात, "काय भाऊ, पैसे जास्त झाले का?"

परवा जळगावात मी तसाच, तक्रार नसताना गेलो. खुर्चीत बसलो, उजवा डोळा झाकला आणि घडाघड अक्षरं म्हणायला लागलो.

"आजोबा," तपासणारी मुलगी म्हणाली, "अजून तक्ता लावायचाय."