पोराचं लगन करून टाक

पंचविशीतला मुलगा दारूच्या किंवा गांजाच्या आहारी गेला, की यवतमाळ जिल्ह्यात आईबापांना पहिला सल्ला डॉक्टरचा मिळत नाही. तो पारावर मिळतो, तेरवीच्या पंगतीत मिळतो, नाहीतर कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या रांगेत उभं असताना मिळतो : "पोराचं लगन करून टाक भाऊ, येते मंग लायनीवर." सांगणारा वाईट मनाने सांगत नाही. त्याच्या घरातही कुणाचं तरी लग्न असंच झालेलं असतं. पण या सल्ल्याचा अर्थ सरळ आहे. जे माणूस जन्मदात्यांना आवरत नाही, ते वीस-बावीस वर्षांच्या परक्या मुलीच्या पदरात टाकायचं. आवरलं तर पोरगं मुळातच चांगलं होतं. नाही आवरलं तर बाईला नवरा सांभाळता आला नाही.

जिल्हा दारूमुक्त व्हावा म्हणून स्वामिनी जिल्हा दारूबंदी अभियानाच्या झेंड्याखाली इथल्या बायकांनी अनेक मोर्चे काढले. त्यांतल्या कितीजणींना हा सल्ला ऐकून सून म्हणून आणलं असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. नवऱ्याच्या दारूविरुद्ध बायको रस्त्यावर येते. मुलाच्या दारूविषयी आईबाप मात्र घराबाहेर बोलत नाहीत.

बोलत नाहीत, पण करत बरंच असतात. बाप पानठेल्यावरची उधारी चुकती करतो, फायनान्सवाल्याने ओढून नेलेली मोटारसायकल सोडवून आणतो. बहीण कंपनीत फोन करून सांगते, दादाला ताप आलाय. तांदळाच्या डब्यात माय बचत गटाचे पैसे लपवते आणि त्यातलीच शंभराची नोट त्याच्या हातावर ठेवते, कारण नाही दिली तर तो घरातला पाण्याचा गुंड विकेल, नाहीतर चारचौघांत तमाशा करेल. घरातला प्रत्येकजण त्याच्या व्यसनाचा एकेक हप्ता भरत असतो. तो पितो त्याची किंमत त्याला सोडून सगळ्यांना मोजावी लागते, मग त्याने थांबायचं कशासाठी? लग्न हा या झाकपाकीचाच शेवटचा आणि सगळ्यात महागडा प्रकार. फरक इतकाच, की हप्ते भरायला आता एक नवीन माणूस आलं.

हे थांबवा म्हटलं, की दुसऱ्या टोकाचा सल्ला तयार असतो. हाकलून द्या, तळ गाठला की आपोआप वर येईल. शहरातल्या शिकलेल्या लोकांना हा विशेष आवडतो, कारण त्यात एक कणखरपणा दिसतो. पण ज्या जिल्ह्याचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झालं, जिथे फवारणीचं औषध घराच्या कोपऱ्यात पडलेलं असतं, तिथे तळ म्हणजे काय, हे सांगायला नको. व्यसनी मुलाच्या घरात ते औषध कुलपात हवं, हे मी बाकी कोणत्याही उपदेशाच्या आधी सांगेन.

माझं म्हणणं या दोन्हींच्या मधलं नाही, वेगळं आहे. व्यसनाला लागणारा पैसा आणि पांघरूण बंद करावं. माणसाशी बोलणं बंद करू नये. ऐकायला हे गुळमुळीत वाटतं, पण त्यामागे मोजमाप आहे. विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पिणारा माणूस उपचाराला तयार नाही, अशा १३० जणांच्या नातेवाइकांना त्यांनी तीन गटांत विभागलं. एका गटाला अल-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या संघटनेच्या मार्गाने नेलं. दुसऱ्याला, सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून सुनावण्याची तयारी करून दिली. तिसऱ्याला घरातलं वागणं बदलायला शिकवलं : तो शुद्धीत असेल तेव्हा सोबत जेवा, बोला, कामात घ्या, पिऊन आला की भांडू नका, वाढून देऊ नका, बाजूला व्हा, त्याने केलेलं नुकसान निस्तरू नका, आणि तो स्वतःच कंटाळलेला दिसेल त्या दिवशी दवाखान्याचा विषय काढा. पहिल्या गटातले १३ टक्के रुग्ण उपचाराला आले, दुसऱ्यातले ३० टक्के, तिसऱ्यातले ६४ टक्के. अल-अ‍ॅनॉनचा उद्देश मुळात नातेवाइकांनी स्वतः सावरावं हा आहे, त्यामुळे तो आकडा त्यांच्यावर उगारू नये; शिवाय नातेवाइकांची स्वतःची मनःस्थिती तिन्ही गटांत सारखीच सुधारली होती.

आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. रात्री पिऊन आला की बाप तासभर झापतो, आणि सकाळी शुद्धीवर असतो तेव्हा कुणी त्याच्याशी बोलत नाही.

दुसरी एक गोष्ट आईबापांना कुणी सांगतच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडणं धोक्याचं असतं. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली योग्य गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व दिलं तर हे टळतं. खोलीत कोंडून घालणं हा उपचार नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाउनमुळे दुकानं बंद असताना आपल्याच जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सातजण गेले. तेव्हा लोक हसले होते, "काय तलप म्हणायची!" व्यसन जडलेल्या शरीराला दारूवाचून काय होतं, हे माहीत असतं तर हसू आलं नसतं. दुकानं कायद्याने बंद करण्याचे प्रयोगही विदर्भात झाले आहेत. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीचा वाद इथे घालत नाही. दुकान बंद झालं म्हणून पिणाऱ्याचा आजार संपत नाही, एवढंच वणीच्या बाबतीत म्हणायचं आहे.

त्या आजारावर उपचार किती जणांना मिळतात? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'कडून करवून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली ना कसली मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. ही पोकळी भिंतींवरच्या जाहिराती भरून काढतात : 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा.' अनेक आया भाजीत पूड कालवतात. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते घेतलेला माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून द्यायचं असतं. नकळत दिलं तर प्रसंगी जीव जातो. आणि मुलाला कळलं, तर तो आईच्या हातचं जेवण सोडतो, ते वेगळंच.

मराठीत या विषयावर उघड बोलायची सुरुवात पुण्यातून झाली. अनिल अवचटांनी ब्राउन शुगरच्या व्यसनावर 'गर्द' लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णासोबत घरच्यांनाही बोलावतात, आणि बायकांचा 'सहचरी' हा गट आहे. आपल्या भागात आईबापांचा असा गट व्हायला हवा. असं एकत्र बसण्याची सवय आपल्याला अगदीच नवी नाही. माळ घातल्यावर दारू सुटलेले लोक प्रत्येक गावात आहेत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत रोज संध्याकाळी बसून सावरलेलेही आहेत. शिकलेले लोक त्याला श्रद्धा म्हणून बाजूला ठेवतात. मला त्यात रोजची ठरलेली वेळ, न पिणाऱ्यांची संगत आणि चार लोकांसमोर दिलेला शब्द दिसतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या संघटनेच्या बैठकीतही याहून फार वेगळं काही नसतं. फक्त माळेच्या आधी डॉक्टर हवा.

मुलगा सज्ञान आहे, हे आईबापांना सगळ्यात जड जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी जोडलेले मानसिक विकार आजारांत धरले आहेत. मर्जीविरुद्ध दाखल करता येतं, पण त्याला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल अशाच परिस्थितीत, दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर आणि ठरावीक मुदतीपुरतं. रात्री गाडी पाठवून पोराला उचलून नेतो म्हणणाऱ्या केंद्राला पैसे देण्याआधी नोंदणी विचारावी, डॉक्टर कोण ते विचारावं, आणि मुलाला भेटता येईल का ते आधी विचारावं.

उपचारानंतर तो पुन्हा पिऊ शकतो. यात नवल नाही, आणि आधीचं सगळं पाण्यात गेलं असंही नाही. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून कुणी दवाखाना सोडत नाही. त्या दिवशी जुनं उगाळू नये, गावभर सांगू नये आणि उधारीही भरू नये; दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरकडे न्यावं. गर्दवाल्याच्या बाबतीत तर घाई हवी, कारण खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस जिवावर बेतू शकतो.

आणि मुलगा यायलाच तयार नसेल तर बापाने एकट्याने जावं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर घरचे लोकही बोलू शकतात. रात्री गेट वाजण्याची वाट पाहत जागणं, छातीत धडधडणं, सोयाबीन विकलेले पैसे कुठे ठेवायचे या काळजीने जेवण न जाणं, हे आजार बापाचे आहेत. केसपेपर त्याच्या स्वतःच्या नावाने निघतो.